दारू सोडायचीय, पण मीटिंग कुठली गाठायची? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

आपल्याकडे दारू सोडायचा निश्चय बहुतेक वेळा कॅलेंडर बघून होतो. गटारी जोरात होते, मग श्रावण पाळला जातो. महिनाभर थेंबाला न शिवलेला माणूस "मी ठरवलं की सोडतो, बघितलंत ना?" असं छातीठोकपणे सांगतो आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजोसमोर पुन्हा सुरू होतो. म्हणजे थांबता येतं, थांबलेलं टिकत नाही. ते टिकवायला रोजच्या वाटेवर भेटणारी, त्याच चिखलातून बाहेर आलेली माणसं लागतात. ठरलेल्या वेळी अशी माणसं एकत्र बसून आपल्या पिण्याबद्दल बोलतात, त्यालाच मीटिंग म्हणतात. अशी माणसं ठाण्यात आहेत, कळव्यात आहेत, ऐरोलीपासून पनवेलपर्यंत आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

मी बरीच वर्षं अशा मीटिंगांच्या आसपास आहे आणि नव्या माणसांना दारापर्यंत सोडतो. मी स्वतः त्या खुर्चीवर बसतो की नाही ते लिहिणार नाही. नाव-गाव बाहेर न सांगण्याची तिथली रीत आहे, ती इथेही पाळतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. "सगळ्यात चांगली मीटिंग कुठे भरते?" असं बरेच जण विचारतात. तो प्रश्न सोडून द्या. तुम्ही प्यायला नेमके कधी बसता आणि त्या वेळी कुठे असता, हे विचारा. त्या वेळेला, त्या वाटेवर जी मीटिंग पडते ती तुमची. बाकीचं सगळं मागाहून.

आधी अंगाचं बघा

मीटिंग म्हणजे उपचार नव्हे. तिथे डॉक्टर नसतो, सलाईन नसतं. रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाने एकदम दारू तोडली तर शरीर खवळतं. काही तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, घरातली माणसं ओळखू येत नाहीत. यात जीव जाऊ शकतो. घरचे म्हणतात, "दारूसाठी नाटकं करतोय." नाटक नसतं.

म्हणून सकाळी उठल्या उठल्या घोट लागत असेल, हात कापत असतील, पूर्वी सोडताना फिट आली असेल, तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. किंवा दोन्ही एकदम, पण डॉक्टरला वगळून नको. ठाण्यात १९०१ सालापासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 'ठाण्याला पाठवा' या वाक्याची आपल्याकडे इतकी टिंगल झालीय की माणूस त्या गेटपाशीच परत फिरतो. पण तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो. कागद काढायचा, तपासून घ्यायचं, गोळ्या घेऊन घरी यायचं. कळव्यात महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, त्याला मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे. नेरुळला आणि कामोठ्यालाही मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आहेत. अशा ठिकाणी मानसोपचार विभाग असतो. केसपेपर काढताना खिडकीवर "दारू सोडायचीय" म्हणायला जीभ वळत नसेल, तर "मानसोपचार ओपीडी" एवढंच म्हणा.

रात्री-अपरात्री फिट आली, शुद्ध हरपली तर १०८ ला फोन. तिथे मीटिंगवाल्यांना फोन करत बसू नका.

आणि ते 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' छापाचं प्रकरण. लोकलच्या डब्यात स्टिकर दिसतात, मोबाइलवर जाहिराती येतात. भाजीत मिसळून देण्याच्या अशा पुड्यांमध्ये काय असतं याची खात्री कुणालाच नसते. डायसल्फिरम नावाचं औषध खरोखरच वापरलं जातं, पण ते घेतल्यावर दारू प्यायली तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. गोळी थांबवल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. त्यामुळे ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला पूर्ण सांगूनच द्यायची असते. वहिनींनी आमटीत कालवून द्यायची ती वस्तू नाही. नवऱ्याच्या नकळत दिली आणि तो संध्याकाळी बारमध्ये बसला, तर काय होईल याचा विचार करा.

कुठल्या प्रकारची मीटिंग

सगळ्यात जास्त पसरलेली आणि सहज सापडणारी म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, सगळे जण 'एए' म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावात बिल नावाचा शेअर दलाल आणि बॉब नावाचा डॉक्टर, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सुरू झालं. भारतात एए आलं १९५७ साली. देशाचं मुख्य कार्यालय आपल्या मुंबईतच, भायखळ्याला आहे. नियम थोडक्यात असे: पिणं थांबवायची इच्छा हीच सभासदत्वाची एकमेव अट, फी नाही, नोंदणी नाही, बाहेरच्या कुणाकडून देणगी घ्यायची नाही. शेवटी डबा किंवा पिशवी फिरते, त्यात सभासद स्वतःच्या खुशीने दहा-वीस रुपये टाकतात. चहा-बिस्किटं आणि जागेचं भाडं त्यातून निघतं. नवीन माणसाने टाकले नाहीत तर कुणी बघतही नाही.

एएमध्ये दोन प्रकार लक्षात ठेवा. 'ओपन' मीटिंगला कुणीही बसू शकतं: बायको, भाऊ, कंपनीतला साहेब, समाजकार्याचा विद्यार्थी. 'क्लोज्ड' मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. बायकोला सोबत घेऊन जायचं असेल तर ओपन विचारा. ओळखीचं कुणी दिसेल अशी धास्ती असेल तर क्लोज्ड बरी. आणि समजा तिथे तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भेटलेच, तर तेही तिथे नाटक बघायला आलेले नसतात.

घरच्यांसाठी वेगळा गट असतो, अल-अॅनॉन. तो १९५१ साली सुरू झाला. त्याबद्दल शेवटी बोलू, कारण अर्ध्या घरांत पहिला फोन बायकोच करते.

मग व्यसनमुक्ती केंद्रांचे फॉलोअप. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. वांद्र्याचं कृपा फाउंडेशन १९८१ पासूनचं, फादर जो परेरा यांचं. तिथे एएच्या बारा पायऱ्यांना, म्हणजे दारू सोडण्याच्या टप्प्याटप्प्याच्या कार्यक्रमाला, योगासनांची जोड असते. दाखल होऊन आलेल्यांना अशा संस्था फॉलोअपला बोलावतात. तुम्ही कुठे ॲडमिट होऊन आला असाल तर तिथलाच फॉलोअप आधी धरा, ठाण्यातली किंवा मुंबईतली जवळची जागा त्यांना विचारा. मराठीतून समुपदेशन हवं असेल तर ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून आहे. तिथे समुपदेशकाशी एकट्याने बोलता येतं. चारचौघांत तोंड उघडत नसलेल्याला ही सुरुवात सोपी पडते.

देव-प्रार्थना नकोच असेल तर स्मार्ट रिकव्हरीसारखे गट आहेत. ते मानसशास्त्राच्या साधनांवर चालतात आणि बरेचसे ऑनलाइन भरतात. एएमध्ये 'आपल्यापेक्षा मोठी शक्ती' असा शब्द येतो. अनेक नास्तिक सभासद त्याचा अर्थ 'हा ग्रुप' असा लावतात आणि निवांत बसतात. ते तुम्हाला जमेल की नाही, हे एकदा बसल्याशिवाय कळणार नाही.

आणि आपल्या भागाचं सांगायचं तर बैठक. ठाणे-रायगड पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत श्रीसमर्थ बैठकीला जायला लागल्यावर किंवा माळ घातल्यावर दारू सुटलेली घरं मी पाहिली आहेत. काही एएवाले याला नाक मुरडतात, काही बैठकवाले एएला 'बेवड्यांचा क्लब' म्हणतात. मला दोघांचंही पटत नाही. आठवड्यातून ठरलेल्या वेळी ठरलेल्या माणसांत बसणं दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की बैठकीत तुम्ही ऐकता, एएमध्ये तुम्हाला स्वतःच्या पिण्याबद्दल स्वतःच्या तोंडाने बोलावं लागतं. दोन्हीकडे जाणारी माणसं आहेत आणि त्यांचं छान चाललंय.

हे सगळं खरंच लागू पडतं का, असं विचारणाऱ्यांसाठी: २०२० साली कोक्रेन या संशोधन-आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास, १०,५६५ माणसं तपासली. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत, एएकडे पद्धतशीर वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. अभ्यास बहुतांश पाश्चात्त्य देशांतले आहेत, हे ध्यानात ठेवूनच त्याचं वजन करा.

घड्याळ आणि लोकल

आता मुख्य काम. एक कागद घ्या. गेल्या आठवड्यात कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे पहिला पेग लागला ते लिहा. खोटं लिहू नका, कागद कुणाला दाखवायचा नाही. बहुतेकांचं एकच चित्र निघतं. महापे किंवा रबाळ्याला सहाला सुट्टी, स्टेशनला उतरल्यावर बाहेरचं वाइन शॉप, मग कोपऱ्यावर क्वार्टर किंवा बारमध्ये 'एकच'. साडेसहा ते साडेआठ. आणि संध्याकाळच्या बऱ्याच मीटिंगा सात-साडेसातच्या सुमाराला सुरू होऊन दीडेक तास चालतात, हा योगायोग समजू नका.

त्या दोन तासांत तुम्ही कुठे असता, तिथलीच मीटिंग बघा. घराजवळची शोधायची घाई नको. घरी पोचून, कपडे बदलून, चहा घेऊन पुन्हा बाहेर पडायचं हे पहिल्या महिन्यात जमत नाही. पोचायच्या आधीच दुकान लागतं. ट्रान्स-हार्बरवाल्यांचं सोपं आहे. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही एकच माळ. ऑफिस महापेला आणि घर कळव्याला असेल तर मधल्या कुठल्याही स्टेशनला उतरून पुन्हा चढता येतं, पास तोच. वाशीला जाणाऱ्याने सानपाड्याचा फाटा धरायचा, नेरुळ-बेलापूर-पनवेलवाल्याने जुईनगरचा. गाडी कुठली ते बघून बसा, नाहीतर मीटिंग वाशीला आणि तुम्ही नेरुळला.

घोडबंदरवाल्यांची कथा वेगळी. कासारवडवलीत राहणाऱ्याने संध्याकाळी सातची नौपाड्यातली मीटिंग धरायची म्हणजे कापूरबावडीलाच दम निघतो. त्यांनी दोन पर्याय ठेवावेत: ऑफिसहून येताना स्टेशनजवळची, आणि रविवारी सकाळची एखादी घराकडची. शिफ्टवाल्यांनी तर दिवसाच्या आणि ऑनलाइन मीटिंगा मुद्दाम विचाराव्यात. रात्रपाळी करून सकाळी सातला पिणारे वागळे इस्टेटपासून तळोजापर्यंत भरपूर आहेत. त्यांचा धोक्याचा तास सकाळचा असतो आणि तो कुणाच्याच डोळ्यासमोर नसतो.

शुक्रवार-शनिवार वेगळे मोजा. ज्याची शनिवार संध्याकाळ मोकळी, त्याने शनिवारची मीटिंग आधी ठरवायची आणि मग सोमवारची.

फोन

एएच्या भारतातल्या कार्यालयाच्या वेबसाइटवर हेल्पलाइन आणि मीटिंगांची माहिती मिळते. यादी वाचून थेट जाऊ नका, आधी फोन करा. शाळेच्या परीक्षा, चर्चचा सण, हॉलचं रंगकाम, अशा कारणांनी जागा बदलतात आणि बंद गेटपाशी उभा राहिलेला नवा माणूस सरळ बारमध्ये जातो. एएचा नंबर लागेना तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, किंवा मन फारच खचलं असेल तर टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट, टेलिमानसवर मराठीत बोलता येतं.

फोन साधारण असा होतो:

"नमस्कार, मीटिंगबद्दल विचारायचं होतं."

"बोला दादा. स्वतःसाठी की घरातल्या कुणासाठी?"

"...मित्रासाठी."

"बरं. मित्र राहायला कुठे?"

"कोपरखैरणे."

"मित्राने आज घेतलीय का?"

"नाही. काल घेतली. म्हणजे घेतली असेल त्याने."

"हात वगैरे कापतायत का त्याचे?"

"थोडे."

"मग आज त्याला डॉक्टरकडे दाखवून घ्या, टाळू नका. आणि उद्या संध्याकाळी सव्वासातला शाळेच्या गेटपाशी आमचा एक माणूस उभा राहील. मित्राबरोबर तुम्हीही या."

पलीकडच्या माणसाला पहिल्याच वाक्यात सगळं कळलेलं असतं. तो कधी उघड करत नाही, कारण त्यानेही पहिला फोन 'मित्रासाठी' केलेला असतो. तुम्ही फक्त चार गोष्टी विचारून घ्या: भाषा कुठली, ओपन की क्लोज्ड, नेमकं दार कुठलं, आणि कुणी गेटवर घ्यायला येईल का. शेवटचं जरूर विचारा. महापालिकेच्या शाळेत चार मजले असतात आणि 'इथे दारूवाल्यांची मीटिंग कुठे?' असं वॉचमनला विचारणं पहिल्या दिवशी कुणालाच झेपत नाही.

भाषेचं थोडं. आपल्या भागात एकाच मीटिंगमध्ये मराठी, हिंदी आणि मधूनच इंग्रजी चालतं. मराठी मीटिंग हवी असेल तर तसं सांगा, आणि हिंदीत गेलात तरी बिनधास्त मराठीत बोला. स्वतःची लाज परक्या भाषेत सांगायला गेलं की माणूस भाषण करतो, खरं बोलत नाही.

पहिल्या दिवशी काय होतं

दहा मिनिटं आधी जा, पिऊन शक्यतो जाऊ नका. प्यायलेल्या माणसाला हाकलत नाहीत, गप्प बसून ऐकायला सांगतात. पण प्यायलेल्या अवस्थेत ऐकलेलं सकाळी आठवत नाही.

वर्ग बहुधा चौथी-पाचवीचा असतो. बाकं लहान, गुडघे पोटात येतात. फळ्यावर वार, दिनांक आणि पटसंख्या खडूने लिहिलेली, भिंतीवर पाढे. टेबलावर काही पुस्तकं आणि कापडी बॅनर. कुणीतरी स्टीलच्या थर्मासमधून चहा ओतत असतो. कपातला चहा थोडा सांडतो, कारण ओतणाऱ्याचा हात अजून पूर्ण स्थिर नाही. त्याला ती सेवा मुद्दाम दिलेली असते. हातात काम असलं की तो पुढच्या मंगळवारीही येतो.

सुरुवातीला प्रार्थना, मग एए म्हणजे काय याचा छोटा परिच्छेद वाचतात. मीटिंग चालवणाऱ्याला 'चेअर' म्हणतात, ते पद फिरतं असतं. मग एकेक जण उठतो. "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक," म्हणतो आणि आपली कहाणी सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. नव्या माणसाला हे विचित्र वाटतं, कारण आपल्याकडे कुणी दुःख सांगितलं की चारही बाजूंनी उपाय येतात. तुमची पाळी आली की "आज फक्त ऐकायला आलोय" म्हटलं की पुरे. आडनाव, कंपनी, पगार, जात, काही सांगायची गरज नाही.

ऐकताना एकच करा. फरक शोधू नका. "हा तर सकाळपासून प्यायचा, मी फक्त रात्री" किंवा "याची नोकरी गेली, माझी आहे", असे फरक मोजत बसलात तर प्रत्येक मीटिंगमधून 'मी यांच्यातला नाही' असं म्हणून बाहेर पडाल. त्याऐवजी एखादं वाक्य आपल्या घरातलं वाटतंय का बघा. बाटली कुठे लपवायचा ते. मुलीच्या शाळेत जायचं कसं टाळायचा ते.

संपल्यावर लगेच पळू नका. खरं काम तिथल्या जिन्यापासून चहाच्या टपरीपर्यंत होतं. दोघातिघांचे नंबर घ्या आणि त्याच रात्री एकाला 'घरी पोचलो' एवढा मेसेज टाका. नाहीतर आठ दिवसांनी अनोळखी माणसाला फोन करायला हात धजावत नाही.

ग्रुप पारखायचा कसा

एका मीटिंगवरून निकाल लावू नका. वेगवेगळ्या ग्रुपच्या पाच-सहा बघा. एक ग्रुप जुन्या काकांचा असतो, दुसरा तरुण आयटीवाल्यांचा, एखादा इतका मोठा की नवा माणूस हरवून जातो. जुने सभासद सुरुवातीला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करायला सांगतात. ज्याच्या डोक्यावर नोकरी आणि लोकल आहे त्याला ते कठीण. पण आठवड्यातून एक पुरत नाही, हे मात्र मी ठामपणे म्हणेन. तीन-चार तरी धरा.

चांगल्या ग्रुपची माझी खूण म्हणजे तिथे दोन्ही टोकांची माणसं असतात: वीस वर्षं न प्यायलेला, आणि काल रात्री घसरलेला. नुसतेच नवे असतील तर वाट दाखवणारा कुणी नाही. नुसतेच जुने असतील तर ते आपल्याच आठवणींत रमतात. दुसरी खूण हसण्याची. आपल्या फजित्या सांगताना लोक खदखदून हसत असतील तर तिथे श्वास घेता येतो.

आणि कुठून निघून यायचं? कुणी प्रवेश फी मागितली, तर ते एए नव्हे. कुणी "आमच्या ओळखीच्या केंद्रात आजच भरती करा, गाडी पाठवतो" म्हणून मागे लागला, तर सावध. माणसाला झोपेतून उचलून नेणाऱ्या केंद्रांच्या तक्रारी आपल्या भागात ऐकू येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा केंद्रांना नोंदणी लागते आणि दाखल माणसालाही हक्क असतात. नोंदणीचा कागद मागायला लाजू नका. कुणी "डॉक्टरच्या गोळ्या बंद कर, प्रोग्राम पुरेसा आहे" म्हणाला तर त्याचं ऐकू नका. डिप्रेशनची किंवा फिटची गोळी मीटिंगमध्ये ठरत नाही, आणि सभासदाने डॉक्टर बनू नये हे एएच्याच साहित्यात लिहिलेलं आहे.

बायकांसाठी खास सांगायचं. पिणाऱ्या बायका आपल्याकडे कमी दिसतात, कमी असतात असं नाही. घरात, दार बंद करून पितात. वीस पुरुषांच्या वर्गात एकटीने बसणं जड जातं, म्हणून हेल्पलाइनवर "एखाद्या ताईंशी बोलता येईल का?" असं विचारा. महिलांच्या ऑनलाइन मीटिंगा असतात, कॅमेरा बंद ठेवता येतो. स्पॉन्सर, म्हणजे आपला वाटाड्या, पुरुषाने पुरुष आणि बाईने बाई धरायची हा रिवाज चांगला आहे. नव्या बाईला कुणी फारच आपुलकीने रात्री मेसेज करायला लागला, तर ग्रुपमधल्या जुन्या माणसाला सांगा आणि ग्रुप बदला. लाज त्याची आहे.

स्पॉन्सर पहिल्याच आठवड्यात धरू नका, पण महिना-दोन महिने लोंबकळतही ठेवू नका. ज्याचं बोलणं ऐकून 'याच्यासारखं शांत राहता आलं तर बरं' वाटलं, त्याला सरळ विचारा. गाडी, फ्लॅट, पद बघू नका. बँकेच्या मॅनेजरचा स्पॉन्सर रिक्षावाला असतो आणि त्यात दोघांनाही नवल वाटत नाही.

हळदी, गटारी आणि घसरण

आपल्या भागात लग्नाची हळद म्हणजे रात्रभरची पार्टी. "भावाच्या हळदीला नाही प्यायलास तर माझा अपमान" असं म्हणणारा मामा प्रत्येक घरात असतो. पहिल्या वर्षी हळद टाळा, लग्नाला जा, जेवा, आहेर करा, निघा. टाळणं अशक्यच असेल तर ग्रुपमधला एक जण बरोबर न्या, हातात सतत सरबताचा ग्लास ठेवा आणि परतीची गाडी स्वतःच्या हातात ठेवा. गटारी, थर्टी फर्स्ट, धुळवड या दिवशी ग्रुपकडे आधीच विचारून ठेवा. पुष्कळदा त्या दिवशी मुद्दाम मीटिंग किंवा एकत्र जेवण असतं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चारांत घसरण होते असं सभासद सांगतात. संध्याकाळी सहाला स्टेशनबाहेर वडापाव खाऊन घेणं हा फालतू उपाय वाटतो. करून बघा.

आणि घसरलात तर? त्याला तिथे 'स्लिप' म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्याच मीटिंगला जा. "आता कुठल्या तोंडाने जाऊ?" म्हणून ग्रुप बदलणारे बरेच असतात आणि मग तेही सुटतं. जास्त दिवस सलग प्यायलात तर पुन्हा एकदम तोडू नका, पुन्हा डॉक्टर.

घरच्यांनी काय करायचं

तो मीटिंगला जायला तयार नसेल तर तुम्ही जा. अल-अॅनॉनमध्ये किंवा एएच्या ओपन मीटिंगला जाऊन बसा. तिथे त्याला कसं सोडवायचं याचं मंत्र-तंत्र मिळणार नाही. पण त्याच्या साहेबाला "ताप आहे" म्हणून खोटा फोन आपण का करतो, त्याची उधारी आपण का भागवतो, हे तिथल्या बायका तुमच्याआधी तुम्हाला सांगतील. ऑनलाइन अल-अॅनॉन मीटिंगाही असतात, त्याला कळू न देता जेवण झाल्यावर इअरफोन लावून ऐकता येतं.

तो प्यायलेला असताना विषय काढू नका. सकाळी, उतरलेली असताना, एकदाच, कमी शब्दांत: "उद्या साडेसातला मीटिंग आहे, मी गेटपर्यंत येते." रडारड, शपथा, मुलांच्या डोक्यावर हात, हे सगळं त्याने आधी बघितलेलं आहे. तो "पुढच्या सोमवारपासून" म्हणाला तर वाद घालू नका, गेटचा पत्ता त्याच्या फोनवर पाठवून ठेवा.

मारहाण होत असेल तर मीटिंगची वाट बघू नका. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन, आणि त्या क्षणी धोका असेल तर ११२. त्याचं दारू सोडणं आणि तुमचं सुरक्षित राहणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं आधी करा, माहेरी किंवा बहिणीकडे जा, मुलांच्या शाळेची कागदपत्रं बरोबर घ्या.